"मी कुठे आहे?" : फिरत्या रोबोला पडलेला सगळ्यात अवघड प्रश्न

माझ्या भाचीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून एक पत्रक आलं. दोन दिवसांची कार्यशाळा, विषय : पर्व्हेसिव्ह कॉम्प्युटिंग, इंटेलिजन्ट सिस्टिम्स आणि मोबाइल रोबो. बहिणीने मला लगेच फोन केला. "मोबाइल रोबो म्हणजे मोबाइलमधला रोबो का गं? आणि दोन दिवसांत असं काय शिकवणार आहेत? फी भरू का नको?"

त्याच आठवड्यात ठाण्याला भावाकडे गेले होते. त्यांच्याकडे नवा केर काढणारा रोबो आलाय, ताटाएवढा, गोल. त्याने सकाळी देवघरासमोरची रांगोळी मन लावून साफ केली आणि मग बाल्कनीच्या उंबरठ्याशी जाऊन लाल दिवा लावून बसला. वहिनीचा संताप समजण्यासारखा होता. "एवढे पैसे घालून आणला, आणि ह्याला रांगोळी आणि कचरा यांतला फरक कळत नाही?"

वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर बहिणीच्या हातातल्या त्या पत्रकात आहे.

तीन जड शब्द, एकदाच

'मोबाइल रोबो' म्हणजे जागचा हलणारा, फिरणारा रोबो. चाकणच्या मोटार कारखान्यात वेल्डिंग करणारा यांत्रिक हातही रोबोच, पण तो जमिनीला बोल्टने जखडलेला असतो. गाडीचा सांगाडा त्याच्यासमोर येतो, तो ठरल्या जागी ठिणग्या पाडतो. आपण कुठे आहोत, हा प्रश्न त्याला जन्मात पडत नाही. फिरत्या रोबोला तो दर क्षणी पडतो.

'इंटेलिजन्ट सिस्टिम' म्हणजे आजूबाजूची माहिती घेऊन स्वतः निर्णय घेणारी यंत्रणा. बटण दाबलं की तीस मिनिटं फिरणारं वॉशिंग मशीन यात बसत नाही. कपड्यांचं वजन अजमावून पाणी किती घ्यायचं ते ठरवणारं मशीन थोडंसं बसतं.

तिसरा शब्द 'पर्व्हेसिव्ह कॉम्प्युटिंग'. टेबलावरच्या एका खोक्यात न राहता घरभर, रस्ताभर, वस्तूवस्तूंत विरघळून गेलेला संगणक, असा त्याचा अर्थ. मी पुढे 'विखुरलेला संगणक' म्हणेन.

गिरणीतला पट्टा आणि घरातल्या मोटारी

ही कल्पना मांडली मार्क वायझर या संशोधकाने. कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे झेरॉक्स कंपनीची 'पार्क' नावाची प्रयोगशाळा होती, तिथे तो काम करायचा. १९८८च्या सुमारास त्याने हा विचार सुरू केला आणि १९९१ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यावर लेख लिहिला. त्याने दाखला दिला तो विजेच्या मोटारीचा.

जुन्या कापड गिरणीत एकच मोठं इंजिन असायचं. त्याच्यापासून छताला लांबच लांब दांडा आणि त्या दांड्यावरून प्रत्येक मागाला उतरणारे चामड्याचे पट्टे. इंजिन बंद, की सगळी गिरणी बंद. पुढे मोटारी लहान झाल्या, स्वस्त झाल्या आणि यंत्रायंत्राच्या पोटात शिरल्या. आज तुमच्या घरात मोटारी किती आहेत? पंखे, मिक्सर, फ्रिज, वॉशिंग मशीन, एक्झॉस्ट, पाण्याचा पंप... एका दमात सांगता येणार नाही. मोटारी कमी आहेत म्हणून नाही, त्या इतक्या मुरल्यात की त्या मोजाव्यात असं कुणाला सुचत नाही. वायझरचं म्हणणं होतं की संगणकाचंही असंच व्हायला हवं. त्याच्या चमूने तळहाताएवढे, वहीएवढे आणि फळ्याएवढे असे तीन आकाराचे संगणक करून ते ऑफिसभर पसरून पाहिले. १९९९ साली तो गेला. आज आपल्या खिशात, मांडीवर आणि भिंतीवर साधारण तेच तीन आकार आहेत.

फरक एकच, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. वायझरला संगणक नजरेआड झालेला हवा होता. आपल्याकडे तो सारखं लक्ष वेधून घेतो.

वीज गेल्यावर स्वयंपाकघरात जाताना

आता रोबोकडे वळू. रात्री वीज गेली आहे आणि तुम्हाला काडेपेटी आणायला स्वयंपाकघरात जायचंय. काय करता? पावलं अंदाजाने टाकता. पाच पावलं सरळ, मग डावीकडे. पण प्रत्येक पाऊल सारखं पडत नाही. चूक थोडी थोडी साठत जाते, आणि दहा पावलांनंतर तुम्ही दारात असायला हवं तिथे कपाटावर आपटता. आपटल्यावर मात्र एक चांगली गोष्ट होते. "अच्छा, हे कपाट. म्हणजे दार हातभर उजवीकडे." साठलेली चूक एका स्पर्शात पुसली जाते.

फिरता रोबो नेमकं हेच करतो. चाकं किती फिरली ते मोजून तो आपली जागा अंदाजाने धरतो. चाक गुळगुळीत फरशीवर घसरतं, सतरंजीवर अडतं, आणि अंदाज बिघडतो. मग तो एखाद्या ओळखीच्या खुणेवरून तो सुधारतो. हाताऐवजी त्याच्याकडे कॅमेरा असतो, किंवा भिंतीवर आपटून परत आलेल्या लेझर किरणावरून अंतर काढणारं यंत्र.

सांगायला सोपं वाटतं, पण १९७९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात हान्स मोरावेक या संशोधकाचा 'स्टॅनफर्ड कार्ट' हा चार चाकांचा रोबो खुर्च्या मांडलेल्या खोलीतून कुणाच्या मदतीशिवाय पलीकडे गेला, तेव्हा अंतर होतं सुमारे वीस मीटर आणि वेळ लागला सुमारे पाच तास. एक मीटर पुढे जायचं, थांबायचं, फोटो घ्यायचे, दहा-पंधरा मिनिटं विचार करायचा, मग पुढचा मीटर. रांगणारं बाळ ते अंतर मिनिटा-दोन मिनिटांत पार करेल.

बोगदा कुठला, खंबाटकीचा की कात्रजचा?

समजा रात्रीच्या ट्रॅव्हल्सने तुम्ही कोल्हापूरहून पुण्याला निघालात आणि मध्येच जाग आली. बाहेर बोगदा. आता या रस्त्यावर पुण्याकडे येताना दोन बोगदे लागतात, आधी खंबाटकीचा, मग कात्रजचा. तुम्ही कोणत्या बोगद्यात आहात?

शहाणा माणूस लगेच उत्तर देत नाही. तो दोन्ही शक्यता मनात धरून ठेवतो आणि बाहेर बघत राहतो. थोड्या वेळाने शिरवळचे कारखाने दिसले, नीरेचा पूल लागला, तर तो खंबाटकी होता. बोगद्यातून बाहेर पडताच पुण्याचे दिवे दिसले, तर कात्रज. बॅग आवरायला घ्या.

रोबोही असंच करतो, फक्त दोन शक्यतांऐवजी हजारो. "मी दाराशी असेन, पलंगाशी असेन, सोफ्यामागे असेन" असे हजारो ठिपके तो मनातल्या नकाशावर पसरतो. जे ठिपके समोर दिसणाऱ्या भिंतीशी जुळत नाहीत ते खोडत जातो, जुळणाऱ्यांभोवती नवे ठिपके टाकतो. काही सेकंदांत ठिपके एका जागी गोळा होतात. तुम्ही त्याला मध्येच उचलून दुसऱ्या खोलीत ठेवलंत तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. संशोधक या प्रकाराला गंभीरपणे 'रोबोचं अपहरण' म्हणतात. हा प्रश्न सोडवला की नाही, यावर पद्धतीची कसोटी लागते.

याच विचारावर चालणारा 'ऱ्हायनो' नावाचा रोबो १९९७ साली जर्मनीतल्या बॉन शहराच्या डॉइचेस म्युझियममध्ये सहा दिवस वाटाड्या म्हणून फिरला. गर्दी त्याच्याभोवती कोंडाळं करायची, भिंती दिसू द्यायची नाही. शिवाय काचेच्या पेट्या! काच लेझरला दिसत नाही. तेव्हा "डोळ्यांना दिसत नाही, पण नकाशात इथे पेटी आहे, म्हणजे ती आहेच" असं धरून त्याला चालावं लागलं. आपली जागा अचूक माहीत नसती तर पहिल्याच दिवशी काच फुटली असती.

पण नकाशाच नसेल तर?

इथे खरी मेख आहे. जागा कळायला नकाशा हवा, आणि नकाशा काढायला आपली जागा माहीत हवी. आधी कोंबडी की आधी अंडं? दोन्ही एकदम करण्याच्या पद्धतीला 'स्लॅम' म्हणतात. नकाशा काढता काढताच स्वतःला त्यात शोधणं, इतकाच त्याचा अर्थ.

हा प्रश्न १९८६ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका रोबोटिक्स परिषदेत नीट आकाराला आला. त्यात असलेले संशोधक ह्यू ड्युरंट-व्हाइट यांनी पुढे लिहून ठेवलंय की चर्चेच्या भरात कागदी टेबलक्लॉथ आणि नॅपकिन आकृत्यांनी भरून गेले होते. त्यानंतर बरीच वर्षं संशोधकांना वाटत होतं की नकाशातल्या चुका वाढतच जाणार. खुणांच्या चुका एकमेकींत गुंतलेल्या असतात. तो गुंता हा त्रास आहे, तो होईल तितका कमी करावा, असा समज होता.

झालं उलटंच. तो गुंताच कामाचा निघाला, आणि का ते मला माझ्या आजोळच्या बायकांवरून समजलं.

आजीच्या पिढीतल्या कुणाचीच जन्मतारीख लिहिलेली नव्हती. पण आपसातली नाती पक्की. "मी सोनूपेक्षा दोन वर्षांनी थोरली." "माझा बाळ आणि तिची शांता एकाच पावसाळ्यातली." "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा शांता पाळण्यात होती." कुणाचं वय नेमकं माहीत नाही, पण कोण कुणापेक्षा किती मोठं हे मात्र ठाम. मग कोयनेच्या भूकंपाची तारीख ११ डिसेंबर १९६७ हे कळलं, की शांता, बाळ असं करत करत एकाच वेळी सगळ्या घराची वयं जाग्यावर बसतात.

रोबोचंही तसंच. कपाट नेमकं कुठे आहे, टेबल नेमकं कुठे आहे, ठाऊक नाही. पण ती एकमेकांपासून किती लांब आहेत ते पक्कं माहीत आहे. घरभर चक्कर मारून तो पुन्हा सुरुवातीच्या दारापाशी आला आणि "अरे, हे तर तेच दार" हे त्याला कळलं, की अख्खा नकाशा एका झटक्यात सरळ होतो. नात्यांची वीण जितकी घट्ट, तितका नकाशा चांगला.

"जीपीएस आहे की!"

हा प्रश्न हमखास येतो. जीपीएसचे संकेत उपग्रहांकडून येतात, स्लॅबखाली ते जवळजवळ पोहोचतच नाहीत. उघड्यावरसुद्धा फोनचं जीपीएस काही मीटरनी चुकतं. रिक्षा बोलवायला ते चालतं. सोफा आणि भिंत यांच्या फटीतून जायला नाही.

पंधरा जण, मग दीडशे

आता बहिणीचा प्रश्न, कार्यशाळा म्हणजे नेमकं काय? आयटीआयमध्ये वर्कशॉप म्हणजे लेथ मशीन आणि कानशी. संशोधकांची कार्यशाळा वेगळी. मोठ्या परिषदेत लोक झालेलं काम मांडतात. कार्यशाळेत अर्धवट राहिलेलं, अडलेलं, फसलेलं काम घेऊन येतात आणि दुसऱ्याला विचारतात, "तुझ्याकडे हे कसं चाललंय?"

'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा शब्दच एका कार्यशाळेच्या अर्जातून आला. जॉन मॅकार्थी, मार्व्हिन मिन्स्की, नॅथॅनिएल रॉचेस्टर आणि क्लॉड शॅनन यांनी १९५५ साली अर्ज केला : दहा माणसं, दोन महिने, डार्टमथ कॉलेज. १९५६च्या उन्हाळ्यात ती भरली. निवडक लोक एक उन्हाळा एकत्र बसले तर मोठी मजल मारता येईल, अशी त्यांची अपेक्षा होती. त्या उन्हाळ्यात मजल मारली गेली नाही, पण एक विद्याशाखा जन्माला आली.

स्लॅमचा प्रवास तर कार्यशाळांच्या हजेरीपटावरूनच वाचता येतो. २००० साली एका आंतरराष्ट्रीय परिषदेसोबत स्लॅमवर कार्यशाळा झाली, तिला पंधरा संशोधक आले. दोनच वर्षांनी पुढची झाली, तिला दीडशे. त्याच २००२ साली स्टॉकहोममध्ये उन्हाळी शाळा भरली, तिथे पीएचडी करणारी पन्नासेक मुलं या विषयातल्या सगळ्या जाणत्यांसमोर बसली. भावाच्या घरातला रोबो हा त्या खोल्यांतल्या वादांचा नातू आहे.

कॉलेजातली दोन दिवसांची कार्यशाळा अर्थातच एवढी मोठी नसते. तिथे चांगला शिक्षक भेटला तर खूप झालं. म्हणूनच मला आयआयटी मुंबईच्या 'ई-यंत्र' उपक्रमाबद्दल आदर वाटतो. त्यांनी कॉलेजांतल्या शिक्षकांच्या कार्यशाळा घेतल्या, कॉलेजांत प्रयोगशाळा उभ्या करायला मदत केली आणि मुलांच्या हातात रोबो देऊन स्पर्धा घेतल्या. बहिणीला मी सांगितलं, "शिकवणाऱ्यांनी स्वतः रोबो चालवलाय का ते विचार. चालवला असेल तर फी भर."

हुशारी रोबोत घालायची की जमिनीत?

आणि ते तीन विषय एकाच पत्रकात का? कारण "मी कुठे आहे?" याला दोन प्रकारे उत्तर देता येतं. रोबो हुशार करा, किंवा जागा हुशार करा.

ॲमेझॉनच्या मोठ्या गोदामांत माल ठेवलेली अख्खी मांडणी उचलून नेणारे बुटके रोबो आहेत. ते मुळात 'किवा सिस्टिम्स' या कंपनीचे. ॲमेझॉनने ती २०१२ साली विकत घेतली. या रोबोंना स्लॅमची फारशी गरज पडत नाही, कारण गोदामाच्या जमिनीवर ठरावीक अंतरावर चौकोनी कोड चिकटवलेले असतात. रोबो वरून जाताना कोड वाचतो आणि त्याला आपली जागा कळते. हायवेवरच्या मैलाच्या दगडांसारखं. माणसांना त्या भागात मोकळं फिरू दिलं जात नाही.

दुसरं टोक म्हणजे चंद्र. २०२३ साली चांद्रयान-३चा सव्वीस किलोचा प्रज्ञान रोव्हर तिथे सेकंदाला सेंटिमीटरभर वेगाने फिरला. तिथे मैलाचे दगड नाहीत, जीपीएस नाही. २७ ऑगस्टला त्याच्यासमोर तीन मीटरवर चार मीटर व्यासाचा खड्डा दिसला; बेंगळुरूहून त्याला मागे फिरायला सांगण्यात आलं आणि तो आपल्याच चाकांच्या खुणांवरून परत वळला.

आपलं घर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे. जमिनीवर कोड चिकटवायला कुणी देणार नाही, आणि माणसं, खुर्च्या, चपला, चार्जरच्या वायरी रोज जागा बदलतात. मग मधला मार्ग काढला जातो, थोडी हुशारी रोबोत, थोडी घरात. दाराला लावलेला सेन्सर सांगेल की दार उघडं आहे. दिवा सांगेल की खोलीत कुणी आहे. विखुरलेला संगणक, निर्णय घेणारी यंत्रणा आणि फिरता रोबो, तिघे एकमेकांशी बोलले तर निम्मं काम सोपं होतं.

घर सगळं बघणार असेल तर?

इथे मी थांबते, कारण ही काळजी खरी आहे. आपली वस्तू आपल्याला नीट ओळखू लागते म्हणजे ती आपल्यावर नजर ठेवू लागते. केर काढणाऱ्या रोबोकडे तुमच्या घराचा नकाशा असतो. किती खोल्या, पलंग कुठे, पाळणा कुठे. २०२२ साली एक प्रकरण उघड झालं. चाचणीसाठी काही घरांत दिलेल्या अशा रोबोंनी टिपलेली छायाचित्रं, त्यांत एक बाथरूममधल्या स्त्रीचंही, समाजमाध्यमांवर पोहोचली होती. रोबोला वस्तू ओळखायला शिकवण्यासाठी ती चित्रं कंत्राटी कामगारांकडे पाठवली होती, तिथून ती फुटली. घरातल्या लोकांनी चाचणीला संमती दिली होती हे खरं. पण पलीकडे एक माणूस बसून ते बघेल, हे किती जणांच्या लक्षात आलं असेल?

आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा झाला. कशासाठी माहिती घेताय ते सांगून संमती घ्या, असं तो म्हणतो. पण घरी येणाऱ्या पाहुण्याची, कामाला येणाऱ्या मावशींची संमती कोण विचारतं? माझ्या मते घेणाऱ्याने दुकानातच विचारावं : नकाशा रोबोतच राहतो की कंपनीच्या सर्व्हरवर जातो? कॅमेरा आहे का? इंटरनेट बंद केलं तर तो चालतो का? शेवटचा प्रश्न फक्त गोपनीयतेपुरता नाही. 'रेव्हॉल्व्ह' नावाचं घरातली उपकरणं जोडणारं एक यंत्र अमेरिकेत विकलं जायचं. कंपनी दुसरीने विकत घेतली, मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला आणि लोकांच्या घरातली धडधाकट यंत्रं एका दिवसात निकामी झाली.

मग मावशींचं काम जाणार का?

इतक्यात तरी नाही. ज्या मोरावेकने वीस मीटरसाठी पाच तास वाट पाहिली, त्यानेच पुढे हे नेमकं मांडलं : माणसाला जे अवघड वाटतं ते यंत्राला सोपं जातं, आणि आपण न विचार करता करतो ते यंत्राला भयंकर अवघड. बुद्धिबळाचा जगज्जेता १९९७ साली संगणकाकडून हरला. पण खरकट्या भांड्यांच्या ढिगातून काचेचा पेला हलक्या हाताने उपसणं, कढईला जोर लावणं, वाटीला न लावणं, हे आजही यंत्राला जड जातं. मावशींच्या हातातली ही बुद्धी आपण कधी बुद्धी म्हणून मोजलीच नाही, पगारात तर नाहीच.

रोबोने माणसाला बाजूला सारावं असं एक काम मात्र आहे, आणि तिथे तो उशिरा पोहोचतोय. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवण्यावर २०१३च्या कायद्याने बंदी आणली, तरी माणसं उतरतात आणि विषारी वायूने गुदमरून मरतात. केरळमधल्या तरुण अभियंत्यांनी 'बँडिकूट' नावाचा मॅनहोल साफ करणारा रोबो केला. २०१८ साली तो तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. माझ्या हातात असतं तर दिवाणखान्यातला केर मी शेवटी ठेवला असता आणि सगळा पैसा आधी इकडे वळवला असता.

रांगोळी आणि पीठ

वहिनीचा प्रश्न राहिला. जमिनीलगतच्या कॅमेऱ्याला रांगोळी आणि सांडलेलं पीठ दोन्ही सारखीच, फरशीवरची पांढरी पूड. फरक पुडीत नाही. तो जागेत आहे, वेळेत आहे, घराच्या रिवाजात आहे. देवघरासमोर, सकाळी, ठिपक्यांच्या ओळीत असेल तर रांगोळी. ओट्याखाली, पोळ्या झाल्यावर असेल तर पीठ. हे ओळखायला रोबोला आपली जागा अचूक कळायला हवी, घराने त्याला वेळ आणि खोली सांगायला हवी, आणि या सगळ्यावरून निर्णय घेणारी यंत्रणा हवी. पत्रकातले तीनही विषय तिथे लागतात. आणि ज्या चित्रांवरून हे रोबो शिकतात त्यांत रांगोळ्या पुरेशा असतील, असं भावाच्या घरात तरी दिसलं नाही.

भाचीने नाव नोंदवलंय. वहिनीने तिला रोज सकाळी रांगोळीचा आणि ओट्याखालच्या पिठाचा एकेक फोटो पाठवायला सुरुवात केली आहे, फोन फरशीवर टेकवून, रोबोच्या उंचीवरून काढलेला.